दादाची पाती

विमानाच्या इंजिनातली टायटॅनियमची पाती झिजली की दादाच्या वर्कशॉपमध्ये यायची. तिथे लेझरच्या झोतात धातूची भुकटी वितळवून झिजलेल्या कडेवर थरावर थर चढवत. घासूनपुसून पातं बाहेर आलं की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, हे दादालाही सांगता येत नसे. त्याची धाकटी बहीण धातू तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिला शिकवण्यापायी दादाने स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं.

दुरुस्तीला प्रमाणपत्र मिळावं म्हणून त्याने जोडाचे नमुने हक्काने तिच्याकडे पाठवले. ताणून पाहिले तेव्हा ते नव्याच्या तोडीस तोड निघाले. मग तिने ते दुसऱ्या यंत्रावर चढवले. हे यंत्र हलकासा ताण द्यायचं, सोडायचं, पुन्हा द्यायचं, रात्रंदिवस. तुकडे अपेक्षेच्या कितीतरी आधी तुटू लागले आणि तेही नेमके जोडापाशी. पहिला थर जुन्या धातूत नीट विरघळला नव्हता. तिथल्या केसाहून बारीक पोकळीतून तडा निघत होता.

ती दादाच्या घरी गेली.

"जोडात पोकळी राहतेय, दादा. पाती दाबाच्या भट्टीतून काढलीस तर ती बुजेल."

"ती भट्टी घ्यायची तर वर्कशॉप विकावं लागेल. मग भट्टीत काय घालू, स्वतःला?"

"मग हे काम सोड."

वहिनी ताटं घेत होती. हात न थांबवता म्हणाली, "शिकवलं ते याचसाठी."

बहीण न जेवता उठली. तिने नमुने नापास केले.

दादाने दुसरी प्रयोगशाळा गाठली. या वेळी नमुने जोडावरून कापलेच नाहीत, नुसत्या नव्या थरातून कापले. ते पास झाले. बहिणीच्या कानावर आलं तेव्हा तिने विमान कंपनीला कळवलं. प्रमाणपत्र आहे, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. तिच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "आपलं काम आपण केलं, आता कशाला नसतं लचांड?" दादाने मात्र तिच्याशी बोलणं टाकलं.

वर्षं गेली. पाती फिरत राहिली, एकही तुटलं नाही. दादाने वर्कशॉप वाढवलं. नातेवाइकांत तिचं नाव निघालं की 'भावाच्या पोटावर उठलेली' एवढीच ओळख उरली होती. आपलं खरं ठरावं, असं मनातसुद्धा आणायची तिला चोरी होती. त्यासाठी भरलेलं विमान पडावं लागलं असतं.

मग आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, लांबच्या शहरात. प्रवासाची दगदग नको, विमानानेच न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दादाने रेल्वेची तिकिटं काढली.

स्टेशनवर बहिणीने एवढंच विचारलं, "विमानानं का नाही?"

"आईला उंची सोसत नाही," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता तो आईच्या पायांवर पांघरूण घालू लागला.

गाडी सुटली. आईला रात्रभर धाप लागत होती. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होती, आणि कुणीच झोपलं नाही.