रिकामा बेड

रुग्णालयाच्या संगणक विभागाची ती प्रमुख होती, पण घरात नुसती ताई. वॉर्डांमधले रिकामे बेड एका पडद्यावर दाखवणारी सिस्टिम तिनं उभी केली होती आणि तिचं तिला कोण कौतुक! हिरवा म्हणजे रिकामा, लाल म्हणजे भरलेला. कॅज्युअल्टीत पेशंट आला की पडद्यावर बघायचं आणि सरळ वर पाठवायचं. फोनाफोनी बंद.

फोनाफोनी काही बंद झाली नाही, उलट वाढली. पडदा सगळा लालेलाल, आणि फोन लावला की कुठं ना कुठं बेड निघायचाच.

"या सिस्टर मुद्दाम बेड लपवतात," संचालक डॉक्टर चिडून म्हणायचे. "उशिरा नोंद करील तिला मेमो द्या."

ताईलाही मनातून तेच वाटायचं. इतकी सोन्यासारखी सिस्टिम, आणि ही मंडळी तिची माती करताहेत!

त्याच सुमारास धाकट्या बहिणीनं पीएचडीसाठी नेमकं हेच रुग्णालय मागितलं. संस्था आणि त्यांच्यातल्या माहितीच्या यंत्रणा हा तिचा विषय. आईला तो काही केल्या पचत नव्हता.

"म्हणजे तू नक्की शिकतेस तरी काय?"

"माणसं मिळून काम कशी करतात, आणि मध्ये कॉम्प्युटर आला की त्यात काय बदलतं, ते."

"मग त्याला डिग्री कशाला? मी या खिडकीतून फुकटात बघते की!"

धाकटीच्या गाइडनी परवानगी दिली, पण अट घातली. सख्खी बहीण तिथं अधिकारी आहे हे सगळ्यांना आधीच सांगायचं, आणि घरी रुग्णालयाचा विषय काढायचा नाही. धाकटीनं अट अशी पाळली की ताईनं जेवताना "आज कुठल्या वॉर्डात होतीस?" असं सहज विचारलं तरी ही आमटी छान झाल्याचं सांगायची.

"अगं, तुला मुळाक्षरं मी शिकवली," ताई एकदा उखडलीच. "आणि माझ्यापासूनच लपवतेस?"

"तू सांगायला लागलीस ना ताई, तर मी तुझ्याच डोळ्यांनी बघायला लागेन."

ताई गाल फुगवून ताटावरून उठली. वडील गेल्यावर हिला तिनंच वाढवलं होतं, आणि आता ही तिलाच शहाणपण शिकवत होती.

सुरुवातीला सिस्टरही धाकटीला हेर समजत. ही समोर दिसली की गप्पा बंद. पण ती प्रत्येक पाळीला येऊन कोपऱ्यात बसे, कुणाच्या कामात लुडबुड करत नसे, न समजलेलं सरळ विचारी. हळूहळू त्या तिच्यासमोर फोनवर मोकळेपणानं बोलू लागल्या.

अखेर अहवाल मांडायचा दिवस आला. सभागृहात संचालक, मेट्रन आणि सगळे विभागप्रमुख होते. ताई पहिल्या रांगेत होती. धाकटी पुढं येऊन बोलू लागली.

"सिस्टर नोंद विसरत नाहीत. त्या ती रोखून धरतात."

"मी काय म्हणत होतो!" संचालक म्हणाले.

"सर, पुरतं ऐकून घ्या ना. एका वॉर्डात एक आजोबा वारले. सिस्टरांनी लगेच नोंद केली, बेड हिरवा झाला. आजी अजून त्यांचा हात धरून बसल्या होत्या आणि दारात पुढच्या पेशंटचं स्ट्रेचर येऊन उभं राहिलं. ते आजींनी पाहिलं. त्या दिवसापासून तो वॉर्ड नोंद उशिराच करतो. बाकीच्या वॉर्डांचेही असेच अनुभव आहेत. चादर बदलायचीय, ऑक्सिजन तपासायचाय, आणि माणूस दारात. फोनवर पहिला प्रश्न असतो, बेड तयार आहे का? पडदा तो विचारतच नाही."

"म्हणजे चूक सिस्टिम बनवणाऱ्यांची म्हणायची?"

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. धाकटीनं हातातला अहवाल मिटला.

"हो सर. वॉर्डात न बसता ती बनवली गेली."

ताईची कानशिलं तापली. आणि मग तिनं समोर नीट पाहिलं. शाळेच्या फाटकाशी तिचं बोट सोडायला तयार नसणारी पोर भरसभेत, तिच्याच तोंडावर, एक शब्द न वाढवता, न गाळता खरं बोलत होती. राग कुठल्या कुठं गेला. ऊर भरून आला आणि ती उठून उभी राहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "मी वॉर्डात गेले ते वायरी टाकून घ्यायला. मेमो मागे घ्या सर. आणि मला तिथं बसायची परवानगी द्या."

"खुर्ची देऊ," मेट्रन म्हणाल्या, "पण चहा तुम्हीच आणायचा!"

सभागृह हसलं. संचालकांनाही हसू आवरेना. मेमो त्यांनी तिथल्या तिथं रद्द केले.

ताई खरंच बसली. सिस्टरांना विचारून विचारून तिनं पडद्यावर पिवळा रंग आणला. माणूस गेलाय, पण बेड तयार नाही. पिवळ्याचा हिरवा कधी करायचा ते वॉर्डानंच ठरवायचं. नोंदी वेळेवर होऊ लागल्या. फोन थोडे वाजतच राहिले, आणि ताईनं ते वाजू दिले.

काही महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयाची माणसं पडदा बघायला आली. "कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. ताईनं धाकटीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिला पुढं ढकलत ती म्हणाली, "आधी हिच्याशी बोला, मग माझ्याशी."

"या कन्सल्टंट का?"

"छे हो!" ताई म्हणाली. "माझी बहीण आहे ती. सख्खी!"