जास्तीची जागा

पंखे बनवणाऱ्या कारखान्यात माणसं घेणं आणि काढणं हे त्याचं काम. काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून कामगारांनी त्याला मागून नाव ठेवलं होतं, साखरसाहेब. “तुम्हाला कोणी काढत नाहीये, तुमची जागा रिडंडंट झालीय,” असं तो म्हणे आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवी. समोरचा पाणी पिऊन, वर थँक्यू म्हणून निघून जाई. त्या शब्दाचा अर्थ विचारायची कोणाची छाती नव्हती.

मग एके दिवशी, वयाने त्याच्याहून बरीच लहान असलेल्या नव्या मॅडमनी तोच ग्लास त्याच्यापुढे सरकवला. वाक्यही त्याचंच, शब्दाला शब्द. ग्लास मात्र त्याने तसाच परत सरकवला.

बायकोला त्याने सांगितलं, वडिलांना नाही. वडील कानाने अधू. त्यांना काही सांगायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं, आणि घराच्या भिंती ह्या अशा पातळ. आज ना उद्या दुसरं काही मिळेलच, तोवर गावभर बोभाटा कशाला? “हल्ली घरूनच काम असतं,” एवढंच वडिलांना कळलं. दुसरं काही मिळालं नाही, आणि घरात त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

शेवटी घोळ घातला तो वडिलांनीच. समोरच्या इमारतीतल्या दोस्ताला, म्हाताऱ्या कंपाउंडरला, त्यांनी परस्पर शब्द देऊन टाकला, की तुमच्या वेल्डर जावयाला आमचा मुलगा कारखान्यात चिकटवील.

“उद्या तो तिकडचा राजीनामा देतोय,” वडील चहा फुंकत म्हणाले. “तू फक्त वर कानावर घाल.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. आता गप्प बसायचं म्हणजे त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय.

“बाबा, मी रिडंडंट झालोय.”

“काय?”

“रिडंडंट!”

“म्हणजे काय रे?”

“म्हणजे माझी जागा जास्तीची ठरली!” शेजारचा टीव्ही बारीक झाला.

“जागा जास्तीची? मग तू बसतोस कुठे?”

इतक्या जणांना काढलं, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

“घरी!” तो ओरडला. “मला काढलं, बाबा! नोकरी गेली माझी!”

जिन्यातल्या गप्पा थांबल्या. वडिलांनी कप खाली ठेवला. आता आपली खरडपट्टी निघणार, असं त्याला वाटलं. पण ते उठून खिडकीत गेले आणि खणखणीत आवाजात ओरडले, “अहो कंपाउंडर! जावयाला राजीनामा देऊ नको म्हणावं! आमच्या चिरंजीवांचीच नोकरी गेलीय!”

अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

वडील परत खुर्चीत येऊन बसले.

“म्हणून हल्ली असा पुटपुटत होतास होय?” ते म्हणाले. “आणि मी समजत होतो, माझे कान पार गेले.”