राजाची सकाळची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. ओकच्या लाकडाची. वर काळी मखमल, मखमलीला पितळी खिळे, मधोमध गोल भोक आणि भोकाखाली कथलाचं भांडं. मी कशासाठी होते हे तुम्ही ओळखलं असेलच. हसून घ्या. लंडनच्या राजवाड्यातही सगळे हसत, फक्त तोंड फिरवून.

मित्रांनो, राज्य सिंहासनावरून चालतं असं तुम्हाला शिकवतात. आमचा राजा अठराव्या वर्षी गादीवर आला आणि एकतीस वर्षं टिकला. त्या काळात सिंहासनावर तो वर्षातून पाच-सहा वेळा बसला, तेही अवघडून. माझ्यावर रोज. दोन लढाया, एक तह आणि थोरल्या राजकन्येचं लग्न माझ्यावर ठरलं.

त्या वेळी खोलीत फक्त सर ॲम्ब्रोज विंडल असत. पाणी आणि फडकं देणं हे त्यांचं काम. या कामासाठी सरदारांची मुलं एकमेकांचे गळे धरत, कारण तिथे राजा एकटा सापडे आणि पोट हलकं झालं की त्याचं मनही हलकं होई. सर ॲम्ब्रोज नेमका तो क्षण हेरून खिशातला अर्ज काढत.

धोबीखान्यातली मार्जरी रोज फडकी आणून देई. एका ऑक्टोबरात तिचा नवरा वॅट राजाच्या रानात हरीण मारताना सापडला. शुक्रवारी सकाळी नऊला फाशी ठरली. मार्जरीने अर्ज लिहवून घेतला आणि सोमवारी सर ॲम्ब्रोजच्या हातात दिला.

मंगळवारी राजा बसला आणि तसाच उठला. बुधवारीही तेच.

"वाचला का अर्ज, साहेब?" मार्जरीने दारात गाठून विचारलं.

"बाई, महाराज दगड होऊन बसतात. अशात तोंड उघडलं तर वॅटच्या शेजारी मीही लटकेन."

"खातात तरी काय?"

"तीन दिवस हरणाचं मांस आणि पांढरा पाव."

"कुठलं हरीण?"

सर ॲम्ब्रोज खाली बघू लागले. "तुझ्या नवऱ्याचंच. जप्त करून मुदपाकखान्यात पाठवलं होतं."

मार्जरीने हातातली फडकी त्यांच्याकडे कोंबली. "मेल्याला सांगितलं होतं, ससा मार म्हणून."

मग ती तडक मुदपाकखान्यात गेली. आचारी तिचा मावसभाऊ. तिने त्याच्याकडून पातेलंभर आलुबुखार मधात शिजवून घेतले. गुरुवारच्या जेवणात राजाने ते वाटीभर खाल्ले आणि पुन्हा मागितले.

शुक्रवारी सकाळी राजा बसला. आठाचे टोले पडले. मार्जरी दाराबाहेर फडकी छातीशी धरून उभी होती. मग जे व्हायचं ते झालं. अधिक सांगणार नाही. राजनिष्ठा म्हणूनही काही असतं.

"ॲम्ब्रोज," राजा म्हणाला, "आज जग बरं वाटतंय."

"महाराज, एक गरीब माणूस नऊला फासावर जातोय. त्याने हरीण मारलं. आपण खाल्लंत तेच."

राजाने विचार केला. "चिवट होतं," तो म्हणाला. "सोडा त्याला. आणि पुढच्या वेळी कोवळं मार म्हणावं."

घोडेस्वार वेळेत पोचला. राजाच्या थडग्यावर पुढे 'दयाळू' असं कोरलं गेलं. त्यात माझा वाटा किती, ते कोणी कोरलं नाही.

राजा गेल्यावर त्याच्या खोलीतलं सामान रिवाजाप्रमाणे सर ॲम्ब्रोजना मिळालं. त्यांच्या बायकोने मला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणून मी मार्जरीच्या परसात आले. मखमलीला कसर लागली आहे, निम्मे खिळे गळाले. भांड्याच्या जागी आता पेंढा आहे, आणि पेंढ्यावर एक ठिपक्यांची कोंबडी.

मित्रांनो, माझं काही मागणं असेल तर एवढंच, की झाकण दाणकन आपटू नका. वॅटकडून शिका. तो आता म्हातारा झालाय. रोज सकाळी येतो, दोन बोटांनी झाकण उचलतो आणि अंडं आलं नसेल तर अलगद टेकवून मागे फिरतो. बसलेल्याला घाई करू नये, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.