ताई, चढावर उतरशील?

गाडी पेट्रोल पिते, ही तक्रार घरोघरची. पण आमच्या ग्रंथपालांची गाडी पीत नव्हती, ढोसत होती. एके दिवशी त्यांनी मासिकात वाचलं, की गाडीतलं जादा वजन कमी केलं की ॲव्हरेज वाढतं. झालं! तेव्हापासून ते माणसांकडे वजनकाट्याच्या नजरेनं बघू लागले.

आधी बायकोची पर्स हलकी झाली. मग ताईची पाण्याची बाटली घरी राहिली. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, बालवाडीच्या बाई; अंगानं भरलेल्या, मनानंही. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून भावाच्या गाडीतूनच शाळेत जायच्या.

त्या सकाळी बायको पुढे आणि ताई मागे बसल्या होत्या. चढ लागला, इंजीन कण्हू लागलं. ग्रंथपालांनी गाडी कडेला घेतली आणि मागे न बघताच म्हणाले, “ताई, एवढा चढ जरा उतरून चालत येतेस?”

“का रे? पंक्चर?”

“नाही. वजन.”

ताई उतरल्या. एक पाऊल टाकायचं, पुढच्यासाठी गुडघ्याची मनधरणी करायची, असं करत चालू लागल्या.

गाडी सुळकन वर पोचली. ग्रंथपाल खूश. बायको मात्र तरातरा उतरली आणि तिनं डिकी उघडली.

“अहो, या फरशा कसल्या?”

“बाथरूमच्या उरल्यात. एखादी फुटली तर लागेल.”

“बाथरूम गाडीत आहे का? आणि हे डंबेल?”

“वजन कमी करायला आणलेत,” ग्रंथपाल म्हणाले, आणि स्वतःच थबकले.

मागच्या सीटवर मासिकांचे गठ्ठे होते, डिकीत मोडकी इस्त्रीही होती. टपावर सहलीसाठी लावलेलं कॅरियर होतं. सहल केव्हाच संपली, कॅरियर अजून वारा खात होतं.

“हे सगळं बसून राहिलं,” बायको म्हणाली, “आणि ताई उतरल्या.”

तेवढ्यात ताई धापा टाकत पोचल्या. चेहरा लालबुंद. “छोट्या, उद्यापासून मी बसनं जाईन.”

“बस चढाच्या खालीच सोडते, ताई.”

“मग चालेन. आज जमलंच की.”

“अगं, मी फक्त ॲव्हरेज…”

“लहानपणी तुला कडेवर घेऊन मी टेकडी चढायचे,” ताई पदरानं घाम टिपत म्हणाल्या. “तुझ्या दोन्ही खिशांत दगड ठासलेले. दम लागला, की मी दगड टाकायचे रे. तुला नाही.”

ग्रंथपाल खाली उतरले. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं, ताईंना हाताला धरून बसवलं. बायको मागे, गठ्ठ्यांच्या सोबतीला.

ताईंना शाळेत सोडून गाडी तशीच घरी वळली. फरशा शेजाऱ्यांच्या ओट्याला लागल्या, मासिकं रद्दीत गेली, कॅरियर उतरलं. डंबेलपाशी ग्रंथपाल जरा घुटमळले. बायकोनं नुसतं पाहिलं, डंबेलही उतरले.

शाळा सुटल्यावर ग्रंथपाल न्यायला गेले, तर ताई एकट्या आल्या नाहीत. बरोबरच्या दोन शिक्षिकाही रिक्षा सोडून गाडीत शिरल्या. गाडी मागून चांगलीच खाली बसली. ग्रंथपालांनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, काच खाली करून थांब्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या शिपाईमामांना म्हणाले, “या मामा, पुढे जागा आहे.”

मंडळी, आपणही आज डिकी उघडून बघू या. तिथं पडून असलेली अडगळ रोज आपलं पेट्रोल पिते, आणि त्याचा धूर सगळ्यांच्याच छातीत जातो. सोबत बसलेलं माणूस मात्र रस्त्यावरची आणखी एक गाडी कमी करतं. वस्तू उतरवू, माणसं बसवू.