माझा पहिला कप्पा कुणी पुसलाच नाही

साहेब, सुनंदाबाईंना तुम्ही घरी बसवलंत आणि मला भंगारात टाकलंत. चूक तुमची होती. हे तोंडावर सांगायला मला कुणाची भीती नाही.

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. चाळीस एमबीची. हसा खुशाल! पण त्र्याण्णव साली धरणगावच्या कापूस खरेदी केंद्रात माझा केवढा मान होता! माझ्या खोलीत माणसं चपला काढून यायची. दसऱ्याला आमच्या कॉम्प्युटर मशीनवर झेंडूची माळ चढायची. कुणाचा किती कापूस आला, ते सुनंदाबाई टाइप करायच्या आणि मी ते पोटात सांभाळून ठेवायचे.

हंगामात तिथे हवेत रुई, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, उडते. म्हणून केंद्राच्या साहेबांनी हुकूम काढला की संध्याकाळी मशीन बंद केलं की फ्लॉपीच्या खाचेत एक फ्लॉपी बसवून ठेवायची. रुई आत जायला नको.

वना शिपाई रोज आठवण करायचा, "अक्का, येनं तोंड उघडं ठेवू नका, रुई घुसी जाई!"

"कोणती घालू, वनाभाऊ?"

"साहेबनी कुंडलीवाली शे ना, तीच कोंबा. शनीबी आतच अडकी राही!"

ती कुंडली मांडायची फ्लॉपी साहेबांनी जळगावहून कुणाकडून तरी फुकट आणली होती. तिच्यात व्हायरस होता. मशीन सकाळी सुरू झालं की आधी खाचेतली फ्लॉपी वाचायचं. तिथून तो थेट माझ्या पहिल्या कप्प्यात येऊन बसला. हा कप्पा कुणाला दिसत नाही, पण माझ्यात मशीन सगळ्यात आधी तोच वाचतं. मग काय, नोंदींचा चिवडा झाला.

साहेब बाईंवर खेकसले. मला फॉर्मॅट केलं. बाईंनी सगळं पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच झालं, पुन्हा फॉर्मॅट. अहो, फॉर्मॅट त्या पहिल्या कप्प्याला हातच लावत नाही! घर झाडलंत, चोर माजघरात तसाच.

शेवटी धुळ्याहून गिरधर इंजिनियर आले. त्यांनी आपल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून तिच्या कडेची छोटी खाच चिकटपट्टीने बंद केलेली होती. तेव्हा कुठे माझ्यातला व्हायरस दिसला. मग त्यांनी कुंडलीची फ्लॉपी तपासली.

"साहेब, दोन्हीकडे एकच कीड आहे. ही डिस्क पहिल्या कप्प्यापासून शेवटपर्यंत पुसतो, चांगली होईल. ही फ्लॉपी कुणाची?"

वना पंख्याकडे बघत राहिला.

"डिस्कच सडकी आहे, काढून टाका," साहेब म्हणाले. "आणि बाईंनी बाहेरची फ्लॉपी घातली, असं मी वर कळवतो."

"साहेब, त्यात जन्मवेळ तुमची आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणि रोज घालायचा हुकूमही तुमचाच."

"तोंड सांभाळा, बाई!"

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंची खुर्ची रिकामी होती.

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर समोर बसलेल्या माणसाची मान धरू नका. आत काय लपलंय ते आधी बघा, आणि पुसायचं तर सगळं पुसा. दिसतं तेवढं पुसून हात झटकू नका.

मी सडकी नाही. माझी चकती अजून फिरेल. साहेब, मला नीट पुसायला एक दुपार पुरली असती. मग गिरधररावांचा हात का धरलात? आणि सुनंदाबाईंना कामावर कधी घेताय? उत्तर द्या.