निळ्या विमानाला सूचना

मे महिन्यात डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, डेलला, पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. त्याला एक आठवला. "बाकीचे चार काही कामाचे नव्हते," तो म्हणाला, आणि डॉक्टर हसले. पुढच्या तपासण्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ठरल्या. तोवर एकट्याने गाडी चालवू नका, असं त्यांनी बजावलं. विमानाबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण आम्ही त्यांना विमानाबद्दल सांगितलंच नव्हतं.

ऑशकॉशचा विमानांचा मेळावा जुलैच्या अखेरीला असतो.

आमचं विमान डेलने गॅरेजमध्ये नऊ वर्षं खपून स्वतः बांधलं. दोनच माणसांचं आहे. तो डावीकडे, मी उजवीकडे, मांडीवर नकाशा. अशी आम्ही चोवीस वर्षं आयोवाहून ऑशकॉशला गेलो. मला विमान सरळ धरता येतं, उतरवता येत नाही. माझी नोकरी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली. नमुना कितीही स्वच्छ दिसला तरी तपासल्याशिवाय काही लिहायचं नाही, हे अठ्ठावीस वर्षांत अंगात मुरलेलं.

त्यामुळे जूनमध्ये मी मनाशी एक चाचणी आखली. ऑशकॉशला उतरणं सोपं नसतं. त्या आठवड्यात हजारो विमानं येतात, आणि त्यांच्यासाठी नियमांचं तीसेक पानी पुस्तक निघतं. रिपन गावावर यायचं, रेल्वेच्या रुळांवरून एकामागोमाग एक रांगेत जायचं, उंची अठराशे फूट, वेग नव्वद नॉट. पुढे फिस्क नावाच्या वस्तीपाशी काही नियंत्रक दुर्बिणी घेऊन जमिनीवर बसलेले असतात. वैमानिकाने रेडिओवर बोलायचं नाही. नियंत्रक विमानाचा रंग आणि ठेवण बघून हाक मारतात आणि ऐकू आलं याची खूण म्हणून वैमानिक पंख हलवतो. मग कुठल्या धावपट्टीवर जायचं ते कळतं. हे सगळं डेलने न चुकता केलं, तर मी मानणार होते की डॉक्टरांचे पाच शब्द म्हणजे नुसते पाच शब्द. चुकला, तर उडणं संपलं. अट एकच होती, त्याने विचारल्याशिवाय मी काही सांगायचं नाही. एरवी मी सारखी सांगत असते. तो वेग बघ, तो डावीकडचा बघ. ही चाचणी फक्त आम्हा दोघांवर बेतणारी नव्हती, रांगेतल्या सगळ्यांवर बेतणारी होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी आखली.

सोमवारी सकाळी निघालो. मिसिसिपी ओलांडेपर्यंत त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही. इंधनाची टाकी वेळेवर बदलली. मॅडिसनच्या पश्चिमेला ढग खाली आले, तेव्हा मी सुचवायच्या आत त्याने वळसा घेतला.

"आज गप्प गप्प?" तो म्हणाला.

"बघतेय."

"काय?"

"तुला."

"चाळीस वर्षांनी? उशीरच केलास की." तो खुशीत होता. एका हाताने सँडविच खात होता, दुसरा हात दांड्यावर, आणि विमान काचेवर ठेवल्यासारखं स्थिर. मला वाटू लागलं की मी उगाच घाबरले.

रिपनवर आलो. पुढे अर्ध्या मैलावर एक पिवळं विमान होतं, आमच्यासारखंच, पंख वरच्या बाजूला असलेलं. डेलने त्याच्यामागे जागा धरली. वेग नव्वद. उंची अठराशे. दोन्ही काटे जणू रंगवून ठेवलेले. खाली रूळ, मक्याची शेतं, मग फिस्कची घरं दिसली.

रेडिओवर नियंत्रकाचा आवाज आला. "रुळांवरचं पिवळं विमान, पंख वर असलेलं, पंख हलव बघू."

पुढच्या विमानाने पंख हलवले. आमच्याही विमानाने हलवले. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, झोकदार.

"वा, एकाला बोलावलं तर दोघं नाचले," नियंत्रक हसत म्हणाला. "निळ्या, तू नाही रे, तू थांब. पिवळ्या, उजवीकडे रस्त्यावरून वळ, धावपट्टी छत्तीस. निळ्या, आता तू. रूळ सोडायचे नाहीत, सरळ जा, धावपट्टी सत्तावीस."

डेलने विमान उजवीकडे वळवलं.

आमचं विमान वीस वर्षं पिवळं होतं. चार वर्षांपूर्वी डेलने ते खरवडून निळं रंगवलं.

"निळं विमान, सरळ. सरळ, वळू नको. निळ्या!"

"काय माणसं असतात," डेल मान हलवत म्हणाला. "रेडिओ लावून बसायचं आणि ऐकायचं नाही. हा निळा कुणावर तरी आदळणार आज."

मी मोजत होते. एक, दोन, तीन. त्याला कळेल असं मला वाटत होतं. खिडकीतून वर पाहिलं की पंख दिसतो, पंखाचा आधार दिसतो, सगळं निळं. चार. त्याने पाहिलं नाही. पुढे पिवळं विमान, त्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे कोण हे मला दिसत नव्हतं. पाच.

"डेल, आपण निळे आहोत."

त्याने वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"माहितेय मला," तो म्हणाला.

"बरं, निळ्या, तुझंच खरं," नियंत्रक म्हणाला. आता आवाजात हसू नव्हतं. "वळलाच आहेस तर पिवळ्याच्या मागे छत्तीसवर जा. तुझ्यामागचा लाल, डावीकडे वळ, तळ्यावरून परत रिपनला जा. सॉरी रे लाल्या."

धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात, ज्याला जो सांगितला त्यावर त्याने टेकायचं. आम्हाला हिरवा मिळाला. डेलने चाकं बरोबर हिरव्यावर टेकवली, इतकी हलकी की टेकलो हे मला आवाजावरूनच कळलं. चोवीस वर्षांत इतकं सुंदर तो उतरला नव्हता. माझ्या मांडीवर नियमांचं पुस्तक होतं. त्यावर माझ्या बोटांचा घाम उमटला होता.

घरी बांधलेल्या विमानांची रांग वेगळी असते. तंबू पंखाखालीच ठोकायचे. आमच्या शेजारच्या तालुक्यातला वेंडेल दर वर्षी आमच्याआधी येऊन जागा धरून ठेवतो. त्याने स्वतःचं विमान विकलं, कारण त्याच्या बायकोला, जोलीनला, उडणं सोसत नाही. आता दोघं मोठ्या गाडीने येतात. वेंडेलचं विमान चालवायचं लायसन्स मात्र शाबूत आहे. तो खुर्ची टाकून छोटा रेडिओ कानाशी धरून बसतो आणि कोण कसं येतंय ते ऐकून खिदळतो. रांगेतले सगळेच असं करतात. आम्ही इंजिन बंद केलं तेव्हा सातआठ जण तिथे जमले होते.

"या, या, बहिरे महाराज!" वेंडेल ओरडला. "निळ्या, निळ्या करून बिचाऱ्याचा घसा बसला! अरे म्हाताऱ्या, कानात मका पेरलास काय?"

सगळे हसले. डेलही हसला. मग अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "हिला विचारा. हिनेच सांगितलं, वळ म्हणून."

"हो," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

हसणं चालू राहिलं, कुणीतरी मला बीअर पुढे केली. फक्त वेंडेल थांबला. त्या विमानात मी काय करते आणि काय करत नाही, हे त्याला चोवीस वर्षं माहीत आहे. त्याने रेडिओ बंद करून खुर्चीखाली ठेवला.

दुपारी डेल इंजिनांच्या मंडपाकडे गेला. जोलीन मक्याची कणसं सोलत होती. मी वेंडेलच्या समोर बसले.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून. मेमध्ये डॉक्टर."

"आणि तरी तू बसलीस त्याच्या शेजारी?"

"मला पाहायचं होतं."

"तुला पाहायचं होतं," तो म्हणाला. "आणि तो लालवाला? त्यालाही पाहायचं होतं का?"

"वेंडेल, पुरे," जोलीन म्हणाली.

"नाही, बोलू दे त्याला," मी म्हणाले.

पण त्याने एवढंच विचारलं, "घरी मी नेऊ?"

"हो. तू आणि तो. मी जोलीनबरोबर गाडीने येईन."

"त्याला कोण सांगणार?"

"मी."

मंगळवारी सकाळी कॉफी पिताना मी डेलला सगळं सांगितलं. पिवळं, निळं, लाल. डॉक्टर. घरी वेंडेल नेणार हेही. आणि त्यानंतर विमान विकायचं, हेही. त्याने कप खाली ठेवला. तो रागावला नाही. खूप वेळ हातांकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "मी कुणाला मारलं असतं का?"

"असतं."

"मग ठीक." तो उठून तंबूच्या मागे गेला. चाळीस वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. मी गेले नाही त्याच्याकडे. वाटलं, अवघड होतं ते झालं.

बुधवारी दुपारी, आकाशातल्या कसरती बघताना, तो म्हणाला, "रविवारी लवकर निघू या. वारा पश्चिमेचा असेल, मी जरा दक्षिणेने नेईन."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच वाऱ्याचाच विचार करत होता.

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यासारखंच, त्याच क्रमाने. त्याने पुन्हा हातांकडे पाहिलं. "मी कुणाला मारलं असतं का?" त्याने विचारलं. आवाज तोच, थांबणं तेवढंच. मी पुन्हा "असतं" म्हणाले. तो पुन्हा उठून गेला.

शुक्रवारी तिसऱ्यांदा. या वेळी मी लाल विमानाचं वगळलं. त्याने तो प्रश्न विचारला नाही, नुसता "का?" विचारत राहिला, आणि मला लाल विमानापाशी यावंच लागलं. शनिवारी दोनदा.

कुणाकडून काही काढून घ्यायचं तर एकदा काढून घेता येतं, अशी माझी समजूत होती.

रविवारी सकाळी तंबू गुंडाळले. जोलीनने माझी बॅग गाडीत टाकली. मी पंखाचे दोर सोडून आले तेव्हा डेल डावीकडच्या जागेवर बसला होता. पट्टा लावलेला, उडण्याआधीच्या तपासणीची यादी हातात, ओठ हलत होते. वेंडेल पंखाखाली टोपी हातात घेऊन उभा होता. ऊठ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मी दाराशी गेले.

"चल, बस," डेल म्हणाला. "दिशा द्यायला झेंडेवाला येईलच आता."

"डेल, आज वेंडेल नेणार आहे."

"का? त्याला हौस आली?"

मागे दोन विमानांची इंजिनं सुरू झाली होती. सगळं पहिल्यापासून सांगायला वेळ नव्हता. खरं म्हणजे वेळ होता. माझ्याच्याने होईना.

"हो," मी म्हणाले. "हौस आली. दोन वर्षांत उडाला नाही बिचारा. तू हो म्हणालास त्याला."

"मी म्हणालो?"

"काल."

तो हसला. "मग शब्द पाळायला हवा." त्याने पट्टा सोडला आणि गुडघे सांभाळत उजवीकडे, माझ्या जागेवर सरकला. "पण तू कुठे बसणार गं?"

"मी गाडीने येते."

"आठ तास? वेडी आहेस."

वेंडेल चढला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिन लागलं, गवत आडवं झालं, झेंडेवाल्या पोरीने त्यांना रांगेतून बाहेर काढलं. मी आणि जोलीन कानांवर हात ठेवून उभ्या होतो. रांगेच्या टोकाला विमान वळून थांबलं. पुढे बरीच विमानं होती. काचेतून दोघं स्पष्ट दिसत होते. डेल वेंडेलकडे वळून काहीतरी विचारत होता. वेंडेल समोर बघत राहिला. डेलने पुन्हा विचारलं, त्याच्या हातावर हात ठेवून. मग वेंडेलने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलत होता. डेलची मान हळूहळू खाली, हातांकडे गेली.

"निघू या का?" जोलीनने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणाले. "त्यांना उडू दे."