चार टाके

परक्या मुलुखात आलेल्या त्या पलटणीत शिंप्याला सगळे मामा म्हणत, कारण त्याचा सख्खा भाचा त्याच पलटणीत शिपाई होता. एकाचा मामा तो सगळ्यांचा मामा. निघताना बहिणीने बजावलं होतं, "पोर तुझ्या ओटीत घालतेय."

पलटण सगळी एकाच राज्यातली. उजव्या बाहीवर पिवळा बिल्ला, त्यावर राज्यातल्या तीन नद्यांच्या तीन पांढऱ्या रेघा. त्या बिल्ल्याचा तोरा काय सांगावा. दुसऱ्या पलटणीतली पोरं त्याला हळदीचा डाग म्हणत आणि त्यावरून दोनदा हाणामारी झाली होती. पण पिवळा रंग लांबून दिसतो. म्हणून गस्तीवर निघताना सुभेदार म्हणायचे, "बिल्ले खिशात," आणि जो तो एका हिसक्यात बिल्ला ओढून काढायचा. परत आलं की मामा पुन्हा लावून द्यायचा. चार कोपऱ्यांना चार टाके, एकेरी दोरा, गाठ नाही. सोळा वर्षांत त्याने पाचवा टाका घातला नव्हता.

असा कच्चा बिल्ला कधी आपोआपही पडायचा. ज्याचा पडला त्याने महिनाभर सगळ्यांच्या मागून जेवायचं, ही पलटणीची रीत. भाच्याचा ऐन कवायतीत पडला. पोरांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. घरी बोलताना रडला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी बहिणीचा फोन आला.

"तू शिंपी तिथे बसलेला असताना माझ्या पोराचा बिल्ला पडतोच कसा रे? नाक कापलंस माझं."

शब्द जिव्हारी लागला. भाच्याला त्या आठवड्यात कोठाराचं काम होतं, गस्त नव्हती. मामाने बिल्ला मशीनखाली घेतला आणि दुहेरी दोऱ्याने चारी बाजूंनी दोनदा शिवून टाकला.

"आता बाही फाटेल, पण बिल्ला पडणार नाही," तो म्हणाला. भाचा खूश झाला. पुढच्या गस्तीआधी उसवायचं, एवढं दोघांनी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी गस्तीतल्या एकाला ताप चढला आणि भाच्याला उभ्याउभ्याच गाडीत बसवलं. मामा तेव्हा निवांत चहा पीत होता.

पुढचं ड्रायव्हरने एकट्या मामाला सांगितलं. पोर बाकीच्यांकडे पाठ करून मागच्या कडेला बसलं होतं, पण ड्रायव्हरला ते आरशात दिसत होतं. पोराने बिल्ला ओढून पाहिला, दातांनी तोडून पाहिला. मग बाटलीतलं पाणी ओतून बुटाचा चिखल त्यावर फासला. उन्हाने चिखल वाळला आणि त्याच्या खपल्या पडल्या. अकरा जण गाडीतून उतरले. गोळी एकालाच लागली.

सुभेदारांनी शर्ट आणून दिला. गेलेल्याचा बिल्ला शिंप्याने उसवून त्याच्या आईकडे पाठवायचा, हीही पलटणीचीच रीत. त्यांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला, मामाकडे पाहिलं आणि निघून गेले. त्यांनी शिवी हासडली असती तर मामाला बरं वाटलं असतं.

सकाळी तंबूबाहेर सात-आठ पोरं शर्ट घेऊन उभी.

"मामा, आमचेही त्याच्यासारखे पक्के शिवा. मर्द गडी, हुकूम झाला तरी राज्याची खूण काढली नाही त्याने."

"मशीन बिघडलंय," मामा कसाबसा म्हणाला, आणि सगळ्यांना चार टाके घालून दिले. पोरं कुरकुरत गेली. मग त्याने मशीनची सुई काढून मोडली आणि उसवायला बसला. टाके इतके पक्के होते की कात्रीचं टोक आत शिरेना. शेवटी त्याने बाहीचा तुकडाच कापला.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"त्याचे मित्र बोलले माझ्याशी. म्हणाले, शेवटपर्यंत बिल्ला अंगावर होता. काढ म्हटलं तरी काढला नाही. आता तेवढ्यावरच जगायचं रे मी." मग तिने विचारलं, "तूच शिवला होतास ना तो?"

मामाने मांडीवरच्या तुकड्याकडे पाहिलं. पिवळ्यावर चिखल होता आणि एका कोपऱ्याला दातांच्या खुणा होत्या.

"हो, ताई," तो म्हणाला. "मीच शिवला."